व्हिडिओवरची अक्षरं थरथरतात, फिकी पडतात, मध्येच गायब होतात: तपासायचं कुठून

कंपोझिट व्हिडिओवर (चित्र, रंग आणि टायमिंग एकाच तारेवरून नेणारा जुना सिग्नल) अक्षरं बसवणारं सर्किट बनवलं, टेबलावर मस्त चाललं आणि जागेवर नेऊन लावलं की अक्षरं नाचायला लागली, ही तक्रार माझ्याकडे परत परत येते. कधी सोसायटीच्या लिफ्टमधल्या कॅमेऱ्यावर मजल्याचा नंबर दाखवणारा बोर्ड असतो, कधी गणपती मंडळाच्या मांडवात स्क्रीनवर खाली सूचना टाकणारा, कधी इंजिनिअरिंगच्या पोरांचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. कोणाचं सर्किट एलएम१८८१ (व्हिडिओतून सिंक वेगळा काढणारी चिप) आणि आर्डुइनोवर (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), कोणाचं मॅक्स७४५६ वर (चित्रावर अक्षरं बसवणारी तयार चिप), पण फॉल्ट फिरून फिरून तेच. आणि जवळपास प्रत्येकजण पहिल्यांदा कोड उघडून बसतो, डिले कमी-जास्त करत रात्र घालवतो. कोडचा नंबर खूप उशिरा येतो हो, त्याच्या आधी वायर, व्होल्टेज आणि सिंक, म्हणजे प्रत्येक ओळ आणि चित्र कुठे सुरू होतं ते सांगणारा पल्स. मी ज्या क्रमाने बघतो तोच क्रम इथे देतोय, फुकटातलं आधी आणि स्कोप (ऑसिलोस्कोप, सिग्नलचा आकार दाखवणारं यंत्र) लागणारं नंतर.

आधी लक्षण ओळखा

स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी स्क्रीनचा मोबाईलवर छोटा व्हिडिओ काढून ठेवा, कारण चार गोष्टी बदलल्यावर मूळ फॉल्ट कसा दिसत होता हे कोणालाच आठवत नाही. (मॉनिटर जुना काचेचा असेल तर मोबाईलच्या व्हिडिओत सरकणारे काळे पट्टे येतात ते मोबाईलमुळे, ते फॉल्टमध्ये धरू नका.) मग बघा यातलं काय होतंय:

- मागचं चित्र शांत, फक्त अक्षरं डावी-उजवीकडे थरथरतात, कडा करवतीसारख्या दिसतात
- अक्षरं वर किंवा खाली पळतात, नाहीतर खालच्या ओळी स्क्रीनच्या बाहेर जातात
- अक्षरं चालू केली की चित्रच वरच्या बाजूला वाकतं, फाटतं किंवा रंग उडून काळं-पांढरं होतं
- पांढरी अक्षरं राखाडी पडतात, समोर उजेड वाढला की आणखी फिकी होतात
- अक्षरांच्या उभ्या कडांना निळी-नारिंगी झालर
- अक्षरांच्या उजव्या बाजूला शेपटी
- चित्रावरून हळूहळू चढणारा एक किंवा दोन रुंद आडवे पट्टे
- लिफ्ट सुटली, पंप चालू झाला की अक्षरं गायब, बोर्ड बंद-चालू केला की परत
- काहीच नाही, निळी स्क्रीन

एकाच वेळी दोन-तीन लक्षणं असतील तर बहुतेकदा कारण एकच असतं, आणि ते पॉवर किंवा केबलमध्ये असतं.

फुकटातली पहिली तपासणी: बोर्ड बाजूला काढा

कॅमेऱ्याची केबल आणि डीव्हीआरची (रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याची) केबल बीएनसी (या केबलचा फिरवून लावायचा गोल कनेक्टर) जॉइंटरने सरळ जोडा, बोर्ड मध्ये नकोच. चित्र तरीही खराब असेल तर तुमच्या सर्किटचा काही संबंध नाही, कॅमेरा, केबल नाहीतर अ‍ॅडाप्टर बघा. चित्र साफ असेल तर बोर्ड परत मध्ये लावा पण अक्षरं बंद ठेवून, म्हणजे व्हिडिओ नुसता आतून पास होऊ दे. आता चित्र बिघडलं तर दोष व्हिडिओच्या रस्त्यात आहे, बफर (सिग्नलला जोर देणारा भाग), कपलिंग कॅपॅसिटर, टर्मिनेशन (लाइनच्या टोकाचा ७५ ओहम) यापैकी कशात तरी. अक्षरं चालू केल्यावरच बिघडत असेल तर सिंक, टायमिंग किंवा मिक्सिंग. पाच मिनिटांचं काम आहे पण अर्धा शोध इथेच संपतो, म्हणून हे टाळू नका, जागेवर गेल्यावर सेक्रेटरी, वॉचमन, दोन रहिवासी डोक्यावर उभे असले तरी हे आधी करा.

जमलं तर दुसऱ्या मॉनिटरवरही बघा. काही एलसीडी आतमध्ये स्वतःच सिंक सावरून घेतात आणि थरथर लपवतात, काही जरा हललं की लगेच निळे होतात. डीव्हीआरच्या रेकॉर्डिंगमध्ये अक्षरं कशी येतात तेही बघा, कारण शेवटी कामाला तेच येणार.

सिग्नल नक्की कोणता आहे?

हल्ली नवीन कॅमेरा बसवला आणि जुना बोर्ड बंद पडला असं खूप होतं. कारण साधं आहे, नवीन अ‍ॅनालॉग कॅमेरे त्याच बीएनसीवरून एएचडी, टीव्हीआय, सीव्हीआय असले एचडी सिग्नल पाठवतात, कनेक्टर सारखा दिसतो पण आतली टायमिंग पूर्ण वेगळी. एलएम१८८१ किंवा मॅक्स७४५६ ही दोन्ही साध्या कंपोझिटसाठी, ७२०पी-१०८०पी अ‍ॅनालॉगवर ती चालणारच नाहीत. कॅमेऱ्याच्या शेपटीला छोटं बटण किंवा जॉयस्टिक असते, काहींना बारीक स्विच असतात, त्याने कॅमेरा सीव्हीबीएसवर, म्हणजे साध्या कंपोझिटवर टाकता येतो, कोणत्या बाजूला किती वेळ दाबायचं ते त्या कॅमेऱ्याच्या कागदावर लिहिलेलं असतं. चित्राची क्वालिटी उतरेल हे सोसायटीला आधी सांगा. त्यांना एचडीच हवं असेल तर थांबा, ते रिपेअरचं काम राहत नाही, तिथे वेगळं डिझाइन लागतं किंवा डीव्हीआरमधूनच अक्षरं टाकायची सोय बघावी लागते.

दुसरं म्हणजे पाल आणि एनटीएससी, कंपोझिटच्या दोन पद्धती. आपल्याकडे पाल, म्हणजे ६२५ ओळी, सेकंदाला ५० फील्ड (अर्धी-अर्धी चित्रं), एक ओळ ६४ मायक्रोसेकंदांची. एनटीएससी ५२५ ओळींचं. ऑनलाइन मिळणारं बरंचसं रेडिमेड कोड एनटीएससी धरून लिहिलेलं असतं, आणि मॅक्स७४५६ रीसेट झाल्यावर स्वतःही एनटीएससीवरच उठतो, पाल हवं असेल तर रजिस्टरमध्ये (चिपच्या आतली सेटिंगची जागा) लिहून सांगावं लागतं. पालमध्ये त्याच्या १६ ओळी येतात, एनटीएससीत १३, म्हणून खालच्या ओळी गेल्या की पहिला संशय इथे. त्याच्या स्टेटस रजिस्टरमध्ये पाल सापडलं, एनटीएससी सापडलं आणि सिंक गेला असे वेगवेगळे बिट आहेत, ते सिरियलवर छापून बघा, अंदाज करत बसण्यापेक्षा चिपलाच विचारलेलं बरं.

कनेक्टर, केबल आणि ७५ ओहम

मुंबईत हे मी सगळ्यात जास्त बदलतो. वर्सोवा, वरळी, कुलाबा, समुद्राजवळच्या कुठल्याही बिल्डिंगच्या गच्चीवरचा बीएनसी उघडून बघा, एक पावसाळा काढला की आत हिरवट गंज चढलेला असतो. मधली पिन ठीक असते पण बाहेरच्या जाळीचा संपर्क गेलेला, मग सिग्नल भलत्याच रस्त्याने परत येतो आणि पट्टे, थरथर सगळं सुरू होतं. स्क्रूवाले स्वस्त बीएनसी असतील तर कापून क्रिंपवाले लावा, आणि बाहेर असेल तर जॉइंटवर सेल्फ-अमाल्गमेटिंग टेप गुंडाळा, साधी काळी टेप पावसाळ्यात टिकत नाही.

केबलसुद्धा बघा. घराघरांत डिशसाठी जी आरजी६ टाकतात तिच्यातला मधला तार बऱ्याचदा लोखंडी असतो, वरून तांब्याचा थर. डिशच्या उंच फ्रीक्वेन्सीला करंट वरच्या थरातूनच वाहतो म्हणून तिथे ती चालते, पण कंपोझिटमध्ये अगदी खालची फ्रीक्वेन्सी पण असते आणि तिला पूर्ण तार लागतो, लांब अंतरावर लेव्हल पडते. सीसीटीव्हीला पूर्ण तांब्याची आरजी५९ किंवा तशीच आरजी६ घ्या. चुंबक लावला की लगेच कळतं.

आता टर्मिनेशन. कंपोझिटची लेव्हल १ व्होल्ट धरली जाते ती टोकाला एकच ७५ ओहम असेल तर. टोकाला काहीच नसेल तर तोच सिग्नल २ व्होल्ट होतो, आणि बोर्डाच्या इनपुटलाही ७५ आणि पुढे डीव्हीआरलाही ७५ एकाच लाइनवर लागले तर साधारण ०.६७ व्होल्टवर येतो. गंमत अशी की एलएम१८८१ अर्ध्या व्होल्टपासून २ व्होल्टपर्यंतचा सिग्नल पचवतो, त्यामुळे सिंक व्यवस्थित येतो आणि सगळ्यांना वाटतं की लेव्हल बरोबर आहे, पण तुमच्या पांढऱ्या अक्षराचं व्होल्टेज मात्र १ व्होल्टचा हिशोब धरून पक्कं केलेलं असतं, चित्र दुप्पट झालं की तेच पांढरं राखाडी दिसतं. अक्षरं फिकी, चित्र भडक, एवढं दिसलं की मी मल्टिमीटरच काढतो: सगळं बंद करायचं, केबल पुढच्या यंत्राला लावलेली ठेवायची, आपल्या बाजूचं टोक काढायचं आणि पिन ते बॉडी ओहम बघायचे. ७५ च्या आसपास आले तर ठीक, ३७-३८ आले तर दोन टर्मिनेशन आहेत, ओपन दाखवलं तर एकही नाही. लूप-आऊट असलेल्या जुन्या मॉनिटरच्या मागे ७५ ओहमचा छोटा स्विच असतो, तो कोणीतरी हलवलेला असतो बऱ्याचदा.

पॉवर

अ‍ॅडाप्टर बदलून बघणं हे कॅपॅसिटर बदलण्यापेक्षा सोपं, म्हणून आधी ते. पण बदलायच्या आधी लोडवर मोजा, म्हणजे बोर्ड आणि कॅमेरा दोन्ही चालू असताना बोर्डाच्या पिनवर. १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर मोकळा असताना सगळेच १२ दाखवतात. त्यात कॅमेऱ्याच्या रात्रीच्या आयआर एलईडी चालू झाल्या की लोड वाढतो, म्हणून "दिवसा चांगलं असतं, रात्री अक्षरं नाचतात" असं कोणी म्हटलं की कॅमेऱ्यावर हात ठेवून आयआर चालू करा आणि मीटर बघा.

पट्टे दिसत असतील तर मोजा किती आहेत. एक रुंद पट्टा म्हणजे ५० हर्ट्झ, बहुतेक अर्थिंगचा लूप. दोन पट्टे म्हणजे १०० हर्ट्झ, रेक्टिफायरनंतरचा फिल्टर कॅपॅसिटर थकलाय. पट्टा हळूहळू सरकतो कारण कॅमेऱ्याचे ५० फील्ड आणि लाइटचे ५० हर्ट्झ तंतोतंत सारखे नसतात. खात्री करायची असेल तर बोर्ड थोडा वेळ यूपीएसच्या १२ व्होल्ट बॅटरीवर चालवा, पट्टे गेले तर गुन्हेगार सापडला.

बोर्डावर ७८०५ (१२ चे ५ व्होल्ट करणारा रेग्युलेटर) असेल तर तो किती तापतो बघा. १२ मधून ५ करताना ७ व्होल्ट त्याच्यावर पडतात, बोर्ड १५० मिलिअँप घेत असेल तर साधारण १ वॅट उष्णता, आणि हीटसिंकशिवाय उभा असलेला ७८०५ तेवढ्यात आजूबाजूच्या हवेपेक्षा ६० डिग्रीने वर जातो. मे महिन्यात लिफ्टच्या टपावरच्या बंद डब्यात हवाच चाळीसच्या वर असते. छोटा बक कन्व्हर्टर (स्विचिंगने व्होल्टेज उतरवणारा, कमी तापणारा) बसवा, पण त्याच्या पुढे एक इंडक्टर किंवा फेराइट बीड आणि मोठा कॅपॅसिटर द्या, नाहीतर त्याच्या स्विचिंगची बारीक जाळी चित्रावर येते. प्रत्येक चिपच्या सप्लाय पिनला लागून ०.१ मायक्रोफॅरड हवाच, चार सेंटिमीटर लांब लावलेला काही कामाचा नाही.

लिफ्ट सुटताच अक्षरं गायब होणारा फॉल्ट इथलाच. मोटर सुरू होताना व्होल्टेज क्षणभर खाली जातं, मायक्रोकंट्रोलर तग धरतो पण मॅक्स७४५६ रीसेट होतो, आणि रीसेटनंतर त्याचं अक्षर दाखवणंच बंद असतं. मायक्रोला याचा पत्ता नाही, तो आपला मजल्याचा नंबर पाठवत राहतो. सप्लायवर एक डायोड आणि त्यामागे ४७० किंवा १००० मायक्रोफॅरड टाकला की बहुतेक वेळा मिटतं, आणि कोडमध्ये दर सेकंदाला मॅक्स७४५६ चा मोड रजिस्टर वाचून बदललेला दिसला तर सगळं परत लिहायचं. दोन्ही करा.

अर्थिंगचा लूप, आणि इथे जपून

कॅमेरा बाराव्या मजल्यावरच्या प्लगवर, डीव्हीआर तळमजल्यावर वॉचमनच्या केबिनमध्ये, दोन्हीकडचं अर्थ वेगळ्या व्होल्टेजवर, आणि मधून तुमच्या कोॲक्सची जाळी जोडलेली. तो फरकाचा करंट जाळीतून वाहतो आणि चित्रात मिसळतो. डीव्हीआरकडचा बीएनसी काढा, केबलची जाळी आणि डीव्हीआरची बॉडी यांमध्ये मल्टिमीटर एसीवर लावून मोजा, हात न लावता, प्रोबची फक्त टोकं टेकवून. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर व्हिडिओ ग्राउंड लूप आयसोलेटर लावा, किंवा कॅमेरा आणि बोर्डाला डीव्हीआरकडूनच पॉवर द्या म्हणजे अर्थ एकाच जागी राहील.

पन्नास, शंभर असे आकडे दिसले तर इथे थांबा. कधीकधी हा नुसता अर्थ नसलेल्या एसएमपीएस अ‍ॅडाप्टरचा फिल्टर कॅपॅसिटरमधून येणारा गळका करंट असतो, हाताला मुंग्या येतात तेवढाच, पण कधीकधी न्यूट्रल तुटलेला असतो किंवा अर्थिंगची वायर खरोखर लाइव्ह असते, आणि मल्टिमीटरवर दोन्ही सारखेच दिसतात. परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या आणि मगच पुढे जा. जुन्या चाळींत आणि मांडवातल्या जनरेटरवर हे विशेष जपा, पावसात ओल्या जमिनीवर उभं राहून कोॲक्सची जाळी पकडायची नाही.

आता स्कोप: सिंक साफ येतोय का

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर बोर्ड टेबलावर आणा. अक्षरं थरथरत असतील तर त्याचा अर्थ असा की तुमचं सर्किट प्रत्येक ओळीची सुरुवात वेगवेगळ्या क्षणी पकडतंय. ५२ सेंटिमीटर रुंद स्क्रीन डोळ्यांसमोर आणा, पालच्या ओळीचा दिसणारा भाग साधारण ५२ मायक्रोसेकंदांचा, म्हणजे १ मायक्रोसेकंद चुकला की अक्षर १ सेंटिमीटर सरकलं. डोळ्याला अर्धा मिलिमीटर हललेलं पण कळतं. त्यामुळे सिंक पन्नास नॅनोसेकंदांच्या आत स्थिर हवा.

एलएम१८८१ असेल तर क्रमाने बघा. पिन ६ ला ६८० किलोओहम आणि त्याला समांतर ०.१ मायक्रोफॅरड, पिन २ च्या इनपुटला ०.१ मायक्रोफॅरड. ६८० च्या जागी ६८ लावलेला बोर्ड पोरांकडून नेहमी येतो, कलर कोड एका पट्टीने चुकतो. मग इनपुटच्या कॅपॅसिटरच्या आधी ६२० ओहम सिरीजमध्ये आणि ५१० पिकोफॅरड ग्राउंडला, हा डेटाशीटमधलाच फिल्टर आहे आणि बरेच लोक तो वगळतात. का लागतो तर भडक रंग असला की ४.४३ मेगाहर्ट्झची रंगाची लहर काळ्याच्या खाली उतरते, सिंकच्या जवळ येते आणि चिप फसते. लाल-पिवळ्या मांडवात अक्षरं थरथरतात आणि पांढऱ्या भिंतीसमोर शांत असतात, असं असेल तर हा फिल्टर लावा आणि बघा. फिल्टरमुळे सिंक थोडा उशिरा येतो, तो उशीर प्रत्येक ओळीला सारखाच असल्यामुळे बिघडत नाही, अक्षरं किंचित उजवीकडे सरकतात, बस.

स्कोप नाही पण मल्टिमीटरला हर्ट्झ आहे? तरी थोडं काम होतं. पिन ३ वर ५० यायला हवेत. पिन १ वर लोक १५६२५ शोधतात आणि १६००० च्या आसपास आलं की घाबरतात, पण ते बरोबर आहे, कारण प्रत्येक फील्डच्या सुरुवातीला साडेसात ओळींमध्ये अर्ध्या-अर्ध्या ओळीने पल्स येतात, म्हणजे फील्डमागे साडेसात जास्त, पन्नास फील्डचे ३७५. स्वस्त कॅमेरे ही रचना पूर्ण पाळत नाहीत, त्यामुळे १५६२५ ते १६००० मध्ये काहीही आलं तरी चालेल, आकडा स्थिर हवा. आकडा उड्या मारत असेल तर सिंकच तुटतोय, मागे जाऊन केबल आणि फिल्टर बघा.

टायमिंग, म्हणजे आता कोड उघडा

पिन १ वर सिंक स्वच्छ दिसतोय आणि अक्षरं तरी थरथरतात, तर मायक्रोकंट्रोलर. १६ मेगाहर्ट्झच्या आर्डुइनोचा एक क्लॉक ६२.५ नॅनोसेकंदांचा, वरच्या हिशोबाने स्क्रीनवर ०.६ मिलिमीटर. इंटरप्ट (हातातलं काम सोडून इकडे बघ असा सिग्नल) आला की तो चालू असलेली इन्स्ट्रक्शन पूर्ण करूनच उडी मारतो, इन्स्ट्रक्शन कधी एका क्लॉकची कधी तिनाची, म्हणून प्रत्येक ओळ एक-दोन क्लॉक इकडेतिकडे होते आणि कडा करवतीसारख्या दिसतात. उपाय दोन, ओळ यायच्या आधी मायक्रोला आयडल स्लीपमध्ये टाका म्हणजे उठायला नेहमी सारखाच वेळ लागतो, किंवा टायमरच्या इनपुट कॅप्चरने सिंक नक्की कधी आला ते वाचून तेवढे क्लॉक भरून काढा.

आणि अक्षरं अधूनमधून एकदम दोन-तीन सेंटिमीटर फाटत असतील तर दुसरा कुठलातरी इंटरप्ट मध्ये घुसतोय, जवळपास नेहमी सिरियल नाहीतर मिलिसेकंद मोजणारा टायमर. ते दोन्ही बंद करा. सिरियल बंद केलं तर डेटा कसा घेणार असं सगळे विचारतात. ९६०० बॉडला एक अक्षर यायला १ मिलिसेकंदाच्या थोडं वर लागतं, म्हणजे सोळा ओळींत एक, तेव्हा प्रत्येक ओळ काढून झाली की शेवटी एकदा फ्लॅग (नवीन अक्षर आलंय का ते सांगणारा बिट) बघा, आलं असेल तर उचला, एकही अक्षर चुकणार नाही. इंटरप्टची गरजच नाही.

अक्षरं ओळीच्या कुठल्या भागात काढता तेही मोजा. सिंकची पडती कडा शून्य धरली तर रंगाचा बर्स्ट ५.६ मायक्रोसेकंदांना सुरू होऊन साधारण ७.८ ला संपतो, चित्र १०.५ च्या आसपास सुरू होतं आणि ६२.५ च्या आत संपतं. अक्षर बर्स्टवर पडलं की मॉनिटरला रंगाचा संदर्भ मिळत नाही, चित्र काळं-पांढरं. सिंकवर पडलं की चित्र फाटतं. मी १३ च्या आधी आणि ६० च्या नंतर काहीच काढत नाही, मॉनिटर कडा कापतात म्हणूनही ते बरं.

मिक्सिंग: इथलं चुकलं तर डिझाइन बदलावं लागतं

सगळ्यात साधं सर्किट म्हणजे मायक्रोच्या पिनवरून एक रेझिस्टर सरळ व्हिडिओ लाइनवर. हे चित्रात भर घालतं, चित्राची जागा घेत नाही. काळ्या भागावर पांढरं छान दिसतं, पण उजळ भागावर आधीच १ व्होल्ट असतो, त्यात आणखी ०.७ पडले की मॉनिटर वरचं कापतो आणि कधी सिंकही दाबला जातो. शिवाय पिन लो असताना तो रेझिस्टर व्हिडिओला खाली ओढतो, म्हणून अक्षर नसताना पिन आऊटपुटवरून इनपुटवर टाकायला हवी. प्रोजेक्ट दाखवायला चालेल, कायमस्वरूपी बसवायला नको.

नीट करायचं तर स्विच वापरा, ७४एचसी४०५३ सारखा, एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला तुमचं पांढरं-काळं व्होल्टेज, अक्षराच्या जागी स्विच पलटतो. या स्विचचा स्वतःचा रेझिस्टन्स दहाच्या कित्येक पट ओहम असतो, तो ७५ ओहमच्या लाइनमध्ये सरळ आला तर लेव्हल पडते आणि कडा मऊ होतात, म्हणून पुढे दुप्पट गेनचा व्हिडिओ बफर आणि त्याच्या आऊटपुटला ७५ ओहम. उजवीकडे शेपटी दिसत असेल तर हा बफर नाही किंवा साधा ऑडिओचा ऑपअ‍ॅम्प लावलाय.

आता ज्या गोष्टीवर सगळ्यात कमी लोक लक्ष देतात ती, क्लॅम्प. कपलिंग कॅपॅसिटरमधून व्हिडिओ आला की त्याची शून्य पातळी हरवते, चित्रात पांढरं जास्त असेल तर सगळा सिग्नल खाली बसतो, काळं जास्त असेल तर वर चढतो. तुमच्या अक्षरांचं व्होल्टेज मात्र जागच्या जागी. भाऊच्या धक्क्यावर पायरी तिथेच असते आणि होडी भरती-ओहोटीप्रमाणे वर-खाली होते, तसं. लिफ्टचं दार उघडून बाहेरचा उजेड आत आला की अक्षरांची छटा बदलते ती यामुळेच. उपाय म्हणजे प्रत्येक ओळीला सिग्नल एका ठरलेल्या पातळीला बांधायचा. एलएम१८८१ ची पिन ५ नेमकी बॅक पोर्चच्या (सिंक संपल्यापासून चित्र सुरू होईपर्यंतचा तुकडा) वेळी पल्स देते, त्या पल्सपुरता एक स्विच चालू करून कॅपॅसिटरची पुढची बाजू ठरलेल्या व्होल्टेजला जोडा. हे एकदा केलं की काळं सिंकच्या टोकापासून ०.३ व्होल्टवर आणि पूर्ण पांढरं १ व्होल्टवर कायम राहतं, आणि तुमची पातळी त्यावरून ठरवता येते. पांढरं अक्षर ०.९ व्होल्टच्या आसपास ठेवा, पूर्ण १ वर नेऊ नका, आणि भोवती काळी कड द्या, पांढऱ्या शर्टावरही वाचता येतं.

रंगीत झालर राहिली. पालची रंगाची लहर २२५ नॅनोसेकंदांची, तिचं अर्ध साधारण ११३. तुमचा पिक्सेल एवढाच असेल आणि एक चालू एक बंद असं आलं तर मॉनिटर त्याला रंग समजतो. उभ्या रेघा दोन पिक्सेल जाड करा, फॉन्ट बदला, हार्डवेअरला हात लावू नका.

कुठे थांबायचं

लिफ्टचा शाफ्ट, टप, कंट्रोलर पॅनेल, ट्रॅव्हलिंग केबल (लिफ्टबरोबर वर-खाली जाणारी), यातल्या कशालाही स्वतः हात लावायचा नाही. मजल्याचा सिग्नल लिफ्टच्या वायरिंगमधून घ्यायचा असेल तर तो लिफ्टच्या मेंटेनन्सवाल्यांनीच काढून द्यायचा, ऑप्टोकपलरमधून (तारेने न जोडता उजेडातून सिग्नल देणारा भाग), आणि दाराच्या किंवा सेफ्टीच्या सर्किटमधून कधीच नाही. तुमची मजल्याची अक्षरं त्यांच्या दाराच्या लॉकपेक्षा महत्त्वाची नाहीत. ट्रॅव्हलिंग केबलमध्ये व्हिडिओची जोडी मोटर-ड्राइव्हच्या तारांना चिकटून असेल तर तो नॉइज तुमच्या बोर्डात कितीही फिल्टर लावले तरी जाणार नाही, तेही त्यांचंच काम.

जुना काचेचा मॉनिटर उघडू नका. बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबवर हजारो व्होल्ट साठलेले राहतात, आणि फॉल्ट मॉनिटरमध्ये असेल तर मॉनिटर बदलणंच स्वस्त.

मॅक्स७४५६ चे २८ पाय ०.६५ मिलिमीटर अंतरावर असतात, हॉट एअर आणि फ्लक्सचा सराव नसेल तर साध्या सोल्डरिंग आयर्नने काढायला जाऊ नका, चिप जाते ती जाते आणि पॅडही उखडतात. स्कोप नसेल तर अर्थिंगपर्यंतच्या तपासण्या करून थांबा आणि बोर्ड अशा माणसाकडे न्या ज्याच्याकडे आहे, मुंबईत लॅमिंग्टन रोडला बोर्ड रिपेअर करणारे बसतात, नाहीतर जवळच्या कॉलेजच्या लॅबमध्ये विचारा.

नेताना बोर्डासोबत एवढं द्या: मोबाईलवरचा तो व्हिडिओ, कॅमेऱ्याचं मॉडेल आणि तो कोणत्या मोडवर आहे, लोडवरचं व्होल्टेज, केबलच्या टोकाला आलेले ओहम, बोर्ड बाजूला काढल्यावर आणि अक्षरं बंद ठेवल्यावर चित्र कसं होतं ते, आणि अ‍ॅडाप्टरसुद्धा, तोच जो जागेवर लावलेला होता.